पुरवठादारांची पारख: इकोव्हॅडिसचे गुण, सेडेक्सचे ऑडिट आणि वालीवचा प्लेटिंगचा गाळा

पुरवठादारांचे नैतिक आणि पर्यावरणीय मूल्यमापन करून देणाऱ्या सेवांचे हे परीक्षण खरेदी विभागात बसणाऱ्या माणसाने लिहिले आहे, त्यामुळे सल्लागारांच्या किंवा गुंतवणूकदारांच्या परीक्षणापेक्षा ते थोडे वेगळे वाटेल. आमचा कारखाना भांडुपला असून तिथे पितळी नळ, शॉवर आणि दरवाज्यांच्या मुठी तयार होतात. ओतीव माल जामनगरहून येतो, बफिंग (घासून चकाकी आणणे) आणि प्लेटिंग (क्रोमचा थर चढवणे) वसईजवळच्या वालीवमधल्या गाळ्यांत जॉबवर्कवर होते, खोकी भिवंडीहून येतात आणि जुळणी, तपासणी व पॅकिंग आमच्याकडे होते. मुंबई परिसरातले कित्येक मध्यम कारखाने असेच चालतात. पाटी एका ठिकाणी, काम चार ठिकाणी.

या साखळीतला प्रत्येक दुवा तपासला असल्याचा पुरावा द्या, अशी मागणी आता दोन्ही बाजूंनी होते. जर्मनीत पुरवठासाखळीतील दक्षतेचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, तेव्हापासून तिथल्या आयातदारांच्या प्रश्नावल्या लांबत गेल्या आहेत. आपल्याकडे सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला, आणि त्या कंपन्यांच्या खरेदी विभागांनी तोच प्रश्न खाली सरकवला. मोठी हॉटेल कंपनी आम्हाला विचारते, आम्ही प्लेटिंगवाल्याला विचारतो, आणि प्लेटिंगवाला शेठ फोनवर विचारतो, ‘साहेब, हे नेमकं कुठं भरायचं?’

निष्कर्ष आधीच सांगतो. पैसे मोजायचेच असतील तर ते कारखान्यात प्रत्यक्ष पाऊल ठेवणाऱ्या ऑडिटरसाठी मोजावेत, आणि सुरुवात ज्याच्याकडे सर्वांत घातक काम होते त्या पुरवठादारापासून करावी, मग त्याचे वर्षाचे बिल कितीही लहान असो. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सेवांची रचना याच्या नेमकी उलट आहे. त्या पुरवठादारांची यादी खरेदीच्या रकमेनुसार लावतात आणि वरून खाली तपासत येतात.

ही सवय नियमांतही आहे. सेबीने मूल्यसाखळीची माहिती पहिल्या २५० सूचीबद्ध कंपन्यांकडून अपेक्षिली, पुढे ती २०२५ मध्ये ऐच्छिक केली, आणि त्यात ज्या भागीदाराचा कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत २ टक्के वा अधिक वाटा आहे त्याचाच विचार होतो. आमच्या नळाच्या उत्पादनखर्चात पितळाचा वाटा मोठा आणि प्लेटिंगचा किरकोळ असतो. त्यामुळे जामनगरचा ओतकाम करणारा पुरवठादार प्रत्येक यादीत पहिला येतो, आणि क्रोमिक आम्लाच्या टाकीवर वाकून काम करणारे कामगार ज्याच्याकडे आहेत तो गाळेधारक यादीच्या तळाला जातो किंवा गळतो. या आम्लातले हेक्साव्हॅलंट (षट्संयुजी) क्रोमियम हे सिद्ध कर्करोगजनक आहे, त्याच्या धुक्याने नाकाच्या पडद्याला भोक पडते आणि कातडीवर न भरणाऱ्या जखमा होतात, हे प्लेटिंगच्या धंद्यातल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक असते. युरोपीय संघात क्रोमियम ट्रायऑक्साइड, म्हणजेच धंद्यातले क्रोमिक आम्ल, विशेष परवानगीशिवाय वापरण्यास २१ सप्टेंबर २०१७ पासून मनाई आहे. परंतु ते बंधन तिथल्या कारखान्यांना आहे, इथे प्लेटिंग होऊन बोटीने गेलेल्या नळाला नाही. शिवाय नळावर चढलेला थर हा धातुरूप क्रोमियमचा असतो, त्यात हेक्साव्हॅलंट रूप उरत नाही, म्हणून तयार मालाची प्रयोगशाळेतली चाचणी निर्मळ येते. ग्राहकाच्या हातात पडलेला नळ आपल्या जन्माबद्दल काहीच सांगत नाही. हे जाणायचे तर जिथे काम झाले तिथेच जावे लागते, आणि म्हणूनच मूल्यमापनाच्या सेवेचे मोल केवळ औपचारिकतेपुरते नाही.

आता सेवांकडे येतो. इकोव्हॅडिस ही २००७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली सेवा आज मोठ्या आंतरराष्ट्रीय खरेदीदारांत सर्वाधिक मागितली जाते. पर्यावरण, कामगार व मानवाधिकार, नीतिमत्ता आणि शाश्वत खरेदी या चार विषयांखाली २१ निकष असतात. कंपनीचा आकार, देश आणि उद्योग पाहून प्रश्नावली तयार होते. पुरवठादार उत्तरांसोबत कागदपत्रे चढवतो, विश्लेषक ती दूरवरून तपासतात आणि ० ते १०० यांमध्ये गुण देतात. तुलनेत वरच्या १ टक्क्याला प्लॅटिनम, ५ टक्क्यांना सुवर्ण, १५ टक्क्यांना रौप्य आणि ३५ टक्क्यांना कांस्य पदक मिळते. मांडणी नेटकी आहे, सुधारणेच्या सूचना बऱ्यापैकी नेमक्या असतात, आणि दरवर्षी नव्याने मूल्यमापन करावे लागत असल्यामुळे जुन्या पदकावर कायमचे बसता येत नाही. ज्या पुरवठादाराकडे स्वतंत्र मनुष्यबळ विभाग आहे, वीज-पाण्याच्या नोंदी संगणकात आहेत आणि धोरणांवर संचालकांची सही आहे, त्याच्यासाठी ही सेवा उपयोगी आहे. आमच्या ओतीव मालाच्या पुरवठादाराला तिचा फायदा झाला. भट्टीच्या इंधनाचा हिशेब त्याने त्यानिमित्ताने पहिल्यांदा एका जागी आणला.

मात्र ही सेवा कागद तपासते, जागा तपासत नाही, आणि तिचा तसा दावाही नाही. दोष तिला कारखान्याच्या पाहणीचा पर्याय मानणाऱ्या खरेदीदारांचा आहे. लहान गाळ्याला ‘धोरण’ मागितले की धोरण तयार होते, एवढेच. एका जॉबवर्करने आम्हाला पर्यावरण धोरण म्हणून जो दस्तऐवज पाठवला त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात कोणत्या तरी रंग-रसायन कारखान्याचे नाव तसेच राहून गेले होते आणि ‘आमचे अणुभट्टी विभागातील सहकारी’ असा उल्लेख होता. ‘रिॲक्टर’ या शब्दाचे भाषांतर यंत्राने केलेले असावे. प्लेटिंगच्या गाळ्यात अणुभट्टी निघाल्याने आमच्या विभागात दोन दिवस करमणूक झाली, पण ज्या सल्लागाराने ते धोरण विकले त्याने पैसे पूर्ण घेतले होते.

दुसरी सेवा म्हणजे सेडेक्स आणि तिच्या पद्धतीने होणारे स्मेटा ऑडिट. सेडेक्स ही लंडनमधली सदस्य-संघटना. पुरवठादार आपली माहिती आणि ऑडिटचा अहवाल एकदा तिच्या मंचावर ठेवतो आणि जोडलेले सर्व खरेदीदार तो पाहू शकतात, जेणेकरून दहा ग्राहकांसाठी दहा वेगळी ऑडिटे होऊ नयेत. स्मेटा दोन स्तंभांची असते, म्हणजे कामगार-हक्क आणि आरोग्य-सुरक्षा. किंवा चार स्तंभांची, ज्यात पर्यावरण आणि व्यावसायिक नीतिमत्ता यांची भर पडते. पाया एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह या संस्थेच्या कामगार-संहितेतल्या नऊ कलमांचा आणि स्थानिक कायद्याचा, आणि दोहोंत जे कडक असेल ते धरायचे असते. मला विशेष आवडलेली गोष्ट अशी की स्मेटात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते. भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र मिळत नाही. त्रुटी, त्यांची मुदत आणि सुधारणेचा आराखडा मिळतो. आमच्याकडे अनेक पुरवठादारांना हीच गोष्ट खटकते, कारण एवढे पैसे भरून फ्रेम करण्याजोगे काहीच हाती येत नाही.

चार स्तंभांची आणि अर्ध-पूर्वसूचित, म्हणजे नेमका दिवस न सांगता काही आठवड्यांची चौकट सांगून होणारी पाहणी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तारीख सांगून होणाऱ्या ऑडिटच्या आदल्या दिवशी गाळ्यांत काय चालते हे वालीव, साकीनाका किंवा वागळे इस्टेटमध्ये काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही: हातमोज्यांची नवी पाकिटे फुटतात, प्रथमोपचार पेटीत औषधे येतात आणि ठरावीक वयाखालची मुले त्या दिवशी ‘गावाला गेलेली’ असतात.

आमच्या प्लेटिंगवाल्याकडे जी संस्था आली तिचे नाव मी देत नाही, कारण तिच्या कामाचा एक भाग उत्तम होता आणि दुसरा चीड आणणारा. उत्तम भाग आधी. ऑडिटर बाईंनी आल्या आल्या कागद मागितले नाहीत. त्या सरळ मागे, सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्यांकडे गेल्या. धुण्याच्या टाकीतले पाणी पिवळे होते, जमिनीवर नारिंगी ओघळ वाळले होते, आणि प्रक्रियेच्या टाकीच्या कडेवर धूळ साचली होती. शेठ म्हणाले, ‘मॅडम, आमच्याकडे गाळ निघतच नाही, पाणी एकदम साफ.’ बाईंनी वही बंद केली आणि विचारले, ‘मग क्रोमिक ॲसिड जातं कुठं, शेठ?’

हा प्रश्न मला संपूर्ण मूल्यमापनाचा गाभा वाटतो, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर देतो. १०० किलो क्रोमिक आम्लात ५२ किलो क्रोमियम असते. नळावर चढणारा शोभेचा थर मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणजे एका चौरस मीटरला साधारण २ ग्रॅम. त्यामुळे ५२ किलो क्रोमियम पूर्णपणे मालावर गेले असेल तर २४-२५ हजार चौरस मीटर पृष्ठभागाचे काम झालेले असायला हवे. जॉबवर्कच्या चलानांवरून प्रत्यक्ष झालेल्या कामाचा अंदाज काढता येतो आणि तो याच्या जवळपासही जात नाही. उरलेले क्रोमियम मालाला चिकटून धुण्याच्या पाण्यात उतरते. ते पाणी आम्लयुक्त करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालावे लागते, म्हणजे पिवळे हेक्साव्हॅलंट क्रोमियम हिरव्या ट्रायव्हॅलंट रूपात बदलते. मग चुना किंवा कॉस्टिक घातले की ते गाळ होऊन बसते. एक किलो क्रोमियमसाठी ढोबळमानाने तीन किलो मेटाबायसल्फाइट लागते. म्हणजे खरेदीच्या फायलीत क्रोमिक आम्लाची बिले असतील पण मेटाबायसल्फाइटची नसतील, तर सांडपाणी प्रकल्प चालत नाही हे प्रयोगशाळेत नमुना न पाठवताही कळते. पुढचा दुवा गाळाचा. तो घातक कचरा आहे. साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त तो जागेवर ठेवता येत नाही, तो अधिकृत केंद्राकडे, आपल्याकडे बहुधा तळोज्याला, पाठवावा लागतो, आणि प्रत्येक खेपेला २०१६ च्या घातक कचरा नियमांतला नमुना १०, म्हणजे वाहतुकीची चिठ्ठी, भरावा लागतो. आम्ल आले, मेटाबायसल्फाइट आले नाही, गाळ गेला नाही. मग क्रोमियम नाल्यात गेले. भूपृष्ठावरील पाण्यात सोडताना हेक्साव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि डोळ्याला पिवळे दिसणारे पाणी त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असते.

बाईंनी हे सगळे दोन फायली आणि एका कॅल्क्युलेटरवर करून दाखवले. कोणत्याही प्रश्नावलीत हा हिशेब नाही, स्मेटाच्या ठरीव तपासणी-यादीतही तो अशा स्वरूपात नाही. पर्यावरणाचा स्तंभ तिथे एकंदरीत उथळच आहे आणि परवाने, नोंदी, धोरण यांच्या पलीकडे फारसा जात नाही. तो हिशेब ऑडिटरच्या डोक्यात होता, कारण या कामात येण्यापूर्वी त्या एका धातू-प्रक्रिया कारखान्यात केमिस्ट होत्या. म्हणून सेवा विकत घेताना संस्थेच्या नावापेक्षा येणाऱ्या व्यक्तीची पार्श्वभूमी विचारावी. ऑडिटर ॲप्स्का या व्यावसायिक संघटनेत नोंदलेला असावा ही किमान अट झाली. वस्त्रोद्योगात आयुष्य गेलेला माणूस प्लेटिंगच्या टाकीपुढे गोंधळतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

कामगारांच्या बाजूची तपासणीही अशीच नोंदींना नोंदी भिडवून झाली. हजेरीपटावर प्रत्येक रविवार सुट्टीचा होता आणि सही करणारा हात प्रत्येक ओळीत एकच दिसत होता. बाईंनी हजेरीपट बाजूला ठेवून बाहेर गेलेल्या मालाची चलाने मागितली, त्यावरचे रविवारचे दिनांक शोधले आणि थराच्या जाडीच्या तपासणीची वही त्यांच्याशेजारी ठेवली. त्या वहीत रविवारी मोजमाप करणाऱ्या माणसाची सही होती आणि त्याच दिवशी हजेरीपटावर तो सुट्टीवर होता. आठवड्याला ४८ तास आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर हा कारखाने अधिनियम, १९४८ पासून चालत आलेला नियम आहे; इथे जादा कामाचे पैसे मिळत होते, पण सरळ दराने आणि पाकिटातून. म्हणजे पगाराच्या नोंदींत ते नव्हतेच.

मुलाखती बाहेर, चहाच्या टपरीजवळ, शेठ आणि मुकादम दोघांनाही दूर ठेवून झाल्या. बहुतेक कामगार उत्तर प्रदेश आणि बिहारचे, आणि त्यांच्याशी हिंदीत, मध्येच भोजपुरीत बोलू शकणारा सहायक संस्थेने दिला होता, याचे गुण द्यायला हवेत. मजुरीबद्दल ते मोकळेपणाने बोलले, जखमांबद्दल नाही. मनगटावरचा खड्डा दाखवायला सांगितल्यावर एकाने बाही खाली ओढली आणि ‘कुछ नहीं, पुराना है’ एवढेच म्हणाला. क्रोमिक आम्लावर काम करणाऱ्यांची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. तपासणीचे कागद होते, सर्वांचे रक्तदाबाचे आकडे सारखे होते.

पोटमाळ्यावर शिडीने जावे लागते. वर गुंडाळलेल्या चटया, दोरीवर कपडे, मोबाइलचे चार्जर आणि एक गॅसची लहान शेगडी होती; खाली आम्लाच्या टाक्या आणि बाहेर पडायला एकच शटर. अहवालात हे ‘गंभीर त्रुटी’ म्हणून आले आणि ते योग्यच होते. पण त्या त्रुटीचा आराखडा काय असावा याबाबत सेवा कमी पडते. ‘कामगारांचे वास्तव्य तात्काळ बंद करावे’ असे लिहिणे सोपे आहे. वसई-नालासोपाऱ्यात खोलीचे भाडे आणि अनामत कोण भरणार, याला त्या रकान्यात जागा नाही. शेवटी आम्ही जॉबवर्कचा दर वाढवून दिला आणि त्या वाढीतून खोल्यांचे भाडे जाते हे पावत्यांसह पाहतो. ही व्यवस्था आमची, मूल्यमापन सेवेने सुचवलेली नाही.

इथे या संपूर्ण क्षेत्राबद्दलचा माझा मुख्य आक्षेप येतो. ऑडिट पुरवठादाराचे होते, खरेदीदाराचे होत नाही. रविवारच्या कामामागे कोणाची तातडीची ऑर्डर होती, दर किती वर्षे गोठलेला आहे, पैसे ठरल्या मुदतीत दिले जातात की लांबतात, या प्रश्नांची उत्तरे त्याच फायलींत असतात, तरी अहवालात त्यांना स्थान नसते. स्मेटाच्या २०२४ च्या सातव्या आवृत्तीत पुरवठादाराला एकट्याने सोडवता न येणाऱ्या बाबींसाठी, उदाहरणार्थ जगण्यापुरत्या वेतनासाठी, सहकार्याने करायच्या कृतीचा वेगळा वर्ग आला आहे. दिशा बरोबर आहे, परंतु खरेदीदारावर त्याचे बंधन नाही.

आता चीड आणणारा भाग. सुधारणा झाल्याची खातरजमा त्याच संस्थेने छायाचित्रांवरून केली. शेठनी सांडपाण्याच्या टाकीत पाणी भरून, पंप चालू करून फोटो पाठवला आणि ‘त्रुटी दूर’ असा शेरा पडला. कागदावरच्या त्रुटी, म्हणजे लावलेली सूचना किंवा भरलेली नोंदवही, दूरवरून तपासायला हरकत नाही. टाकी चालते की नाही हे फोटोवरून ठरवणे म्हणजे पहिल्या भेटीत मिळवलेले सगळे घालवणे. आम्ही पुन्हा भेट मागितली तेव्हा त्या दिवसाचे वेगळे शुल्क सांगण्यात आले, आणि ते पुरवठादाराने भरावे असे संस्थेचे म्हणणे होते. या व्यवसायात शुल्क बहुधा ज्याची तपासणी होते तोच भरतो, हे विसरून चालत नाही. आम्ही ते शुल्क आमच्याकडून दिले आणि अहवाल थेट आमच्याकडे यावा अशी अट घातली. इतरांनाही मी हेच सुचवेन. मेटाबायसल्फाइटची बिले आता दरमहा चलानांसोबत येतात.

प्रमाणपत्रांवर विसंबण्याचे काय होते, याचा इतिहास फार जुना नाही. कराचीतल्या एका कापड कारखान्याला एसए ८००० हे सामाजिक उत्तरदायित्वाचे प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते, तेव्हा ११ सप्टेंबर २०१२ रोजी तिथे आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११३४ माणसे गेली. त्या इमारतीतल्या कारखान्यांची सामाजिक ऑडिटे झालेली होती, पण इमारतीचे खांब पाहणे त्यांच्या कामात नव्हते. मुंबईच्या औद्योगिक वसाहतींना हा मुद्दा वेगळ्या तऱ्हेने लागू पडतो. स्मेटाची पाहणी गाळ्याच्या भिंतीशी थांबते. डोंबिवलीत २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आजूबाजूच्या कारखान्यांचे आणि घरांचेही नुकसान झाले. शेजारच्या गाळ्यात काय साठवले आहे हा प्रश्न आमच्या अहवालात नव्हता. आम्ही विचारल्यावर ‘कार्यकक्षेबाहेर’ असे उत्तर आले.

तिसरा प्रकार स्थानिक सल्लागारांचा. ‘कन्सेंटपासून सेडेक्सपर्यंत सर्व काम एका छताखाली’ अशी त्यांची जाहिरात असते; कन्सेंट म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र. परवान्यांचे अर्ज भरून देण्यापुरते ते कामाचे आहेत. मूल्यमापन मात्र त्यांच्याकडून करून घेऊ नये. जो धोरण लिहून देतो त्यानेच ते तपासण्यात काही अर्थ नाही.

कोणतीही सेवा विकत घेण्याआधी जे फुकट पाहता येते ते पाहून घ्यावे, आणि याबाबत आपल्याकडची सरकारी संकेतस्थळे अनपेक्षितपणे उपयोगी आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेली संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. इलेक्ट्रोप्लेटिंग हा लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, वर्गातला उद्योग, त्यामुळे संमतीपत्र असलेच पाहिजे, आणि त्यावर उत्पादनाची मर्यादा, सांडपाण्याचे प्रमाण आणि घातक कचऱ्याचे प्रमाण लिहिलेले असते. पुरवठादार तुम्हाला महिन्याला जेवढे काम करून देतो ते एकटेच त्या मर्यादेबाहेर जात असेल, तर ऑडिटरची वाट पाहण्याचे कारण नाही. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकले की दरमहा किती कर्मचाऱ्यांसाठी भरणा झाला ते दिसते. गाळ्यात तीस माणसे दिसतात आणि भरणा नऊ जणांचा होतो, एवढी माहिती कोणत्याही पदकापेक्षा बोलकी असते. हे पाहायला एक दुपार पुरते.

माझ्या हिशेबात इकोव्हॅडिस मोठ्या आणि मध्यम पुरवठादारांसाठी पाचपैकी साडेतीन गुणांची सेवा आहे, लहान जॉबवर्करसाठी दीडचीही नाही. चार स्तंभांच्या, अर्ध-पूर्वसूचित स्मेटाला चांगला ऑडिटर मिळाल्यास चार गुण देईन. तारीख सांगून आलेल्या दोन स्तंभांच्या पाहणीला दोन. पुनर्तपासणी प्रत्यक्ष भेटीने होईल हे करारातच लिहून घ्यावे, नाहीतर चाराचे तीन करावेत.

भेटीची चौकट ठरवताना जुलै-ऑगस्ट मागावा, असे रासायनिक प्रक्रिया करणाऱ्या पुरवठादारांबाबत मी आग्रहाने सांगेन. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण, म्हणजे नमुना ४, भरण्याची मुदत ३० जूनला संपते, त्यामुळे सरलेल्या वर्षाचे गाळाचे आकडे तयार असतात आणि ते क्रोमिक आम्लाच्या बिलांशी लगेच पडताळता येतात. संस्था बहुधा पावसाळा टाळून हिवाळ्यातल्या तारखा पुढे करतात, कारण वालीवच्या आतल्या रस्त्यांवर पावसाळ्यात गुडघाभर पाणी असते. पण गाळाचे ड्रम छपराखाली ठेवले आहेत की उघड्यावर, आणि टाकीतून ओसंडलेले पाणी कोणत्या गटारात जाते, हे त्याच दिवसांत दिसते.